संगीतनगरी आणि तिचे कान

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेनाच्या समाधीशेजारी चिंचेचे झाड आहे आणि त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी गाणाऱ्यांची जुनी श्रद्धा आहे. ग्वाल्हेरला पहिल्यांदा येणारा संगीताचा विद्यार्थी तो पाला तोंडात टाकल्याशिवाय परत जात नाही. मीही लहानपणी वडिलांचे बोट धरून गेले होते तेव्हा टाकला होता. गळ्यासाठी आपण पुष्कळ करतो. थंड पाणी टाळतो, दही आणि लोणचे टाळतो, ज्येष्ठमध चघळतो, कार्यक्रमाआधी दोन दिवस बोलणेसुद्धा कमी करतो. कानासाठी मात्र आपण काहीच करत नाही. वास्तविक बसलेला गळा बहुधा चार-आठ दिवसांत सुटतो, पण मोठ्या आवाजाने अधू झालेला कान पूर्ववत होत नाही. गाणाऱ्याचे काय किंवा ऐकणाऱ्याचे काय, सारे भांडवल कानातच असते, आणि त्याची राखण करण्याचे काम ज्याच्या-त्याच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या शहराला २०२३ साली युनेस्कोने संगीताचे सर्जनशील शहर म्हणून निवडले, त्या ग्वाल्हेरने तरी हे काम सार्वजनिक जबाबदारी म्हणून अंगावर घेतले पाहिजे.

गेली तीसेक वर्षे मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरी गाणे शिकवते. मागल्या हिवाळ्यात, लग्नसराई ऐन भरात असताना, माझी एक एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी नेहमीप्रमाणे सकाळच्या तासाला आली. तंबोरा लावायचे काम तिचे. पंचम लागला, जोडीच्या तारा लागल्या, खरज लागला, आणि मग ती जीवा सरकवत बसली. जीवा म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला सुती धागा. तो केसभर इकडचा तिकडे झाला की तारेचा नाद उमलतो किंवा मिटतो, आणि नीट उमलला की आपण म्हणतो जवारी लागली. ती पाच मिनिटे जीवा सरकवत होती, दहा मिनिटे सरकवत होती. शेवटी तंबोरा आडवा ठेवून म्हणाली, "ताई, आज जवारी बोलतच नाहीये. तारा जुन्या झाल्या का?" जवारी बोलत होती. मला ती स्वयंपाकघरातून ऐकू येत होती. चौकशी केली तेव्हा कळले, की परवा रात्री चुलतभावाच्या वरातीत ती डीजेच्या गाडीमागे दीड तास नाचली होती आणि तेव्हापासून तिच्या डाव्या कानात सारखा ‘सूंऽऽ’ असा आवाज घुमत होता. असे सगळ्यांनाच होते आणि दोन दिवसांत जाते, असे मैत्रिणींनी तिला सांगितले होते. खरेच चौथ्या दिवशी तो आवाज गेला आणि जवारी तिला पुन्हा ऐकू येऊ लागली. माझ्या आग्रहावरून तिच्या घरच्यांनी तिचे कान तपासूनही घेतले. तपासणीचा आलेख जवळपास सरळ आला, आणि तिच्या आईने व मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तो निःश्वास मी घाईने टाकला, हे पुढे वाचन केल्यावर माझ्या ध्यानात आले. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली एक नळी असते आणि तिच्यात साधारण पंधरा-सोळा हजार केशपेशी रांगेने बसवलेल्या असतात. आवाज आत आला की द्रव हलतो, त्या पेशींच्या माथ्यावरचे सूक्ष्म केस झुकतात, आणि त्या झुकण्यातून निघालेला विजेचा संकेत मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. आवाज फार मोठा असला, किंवा बेताचा मोठा असूनही फार वेळ चालला, तर हे केस मोडतात आणि पेशी थकतात. विश्रांती मिळाली तर काही सावरतात, पण ज्या मरतात त्यांच्या जागी दुसऱ्या येत नाहीत. पक्ष्यांच्या कानात या पेशी पुन्हा उगवतात, आपल्या कानात उगवत नाहीत. याहूनही काळजी वाटावी असे काम २००९ साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. उंदरांची ऐकण्याची क्षमता आधी उतरली, मग काही दिवसांत पूर्ववत झाली आणि केशपेशीही शाबूत राहिल्या. तरीही इजा झालेल्या भागात पेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे निम्म्याच्या आसपास दुवे कायमचे तुटलेले आढळले. माणसांत हे किती प्रमाणात घडते यावर संशोधकांचा वाद अजून मिटलेला नाही. पण कानातला ‘सूं’ थांबला आणि आलेख सरळ आला, एवढ्यावरून कान सुखरूप आहे असे मानायला आता आधार उरलेला नाही, कारण आलेख शांत खोलीत काढला जातो आणि अशा तुटलेल्या दुव्यांची उणीव गलबल्यात माणसाचे बोलणे वेगळे काढताना जाणवते, असा आजचा कयास आहे.

मोठ्या आवाजाची इजा सगळ्या सुरांवर सारखी होत नाही. नळीच्या तोंडाशी उंच सुरांच्या पेशी असतात आणि मार त्यांना आधी बसतो. तपासणीच्या आलेखात पहिला खळगा बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतो. जवारीची झळाळी ज्या वरच्या स्वनांत, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या उंच उपस्वरांत, असते ते याच टापूतले, म्हणून कान जरा बोथट झाला की तंबोरा मुका वाटू लागतो. ज्याला गाण्याशी कर्तव्य नाही त्याचे नुकसान आणखी मोठे असते, कारण बोलण्यातली व्यंजनेही याच टापूत राहतात. अ, आ, ओ हे स्वर भारदस्त आणि खालचे, ते कळतात. पण ‘स’, ‘श’, ‘ख’, ‘थ’, ‘फ’ यांच्यातला हवेचा झोत निसटतो. त्यामुळे असा माणूस "मला ऐकू येतं, पण तुम्ही सगळे पुटपुटता" अशी तक्रार करतो, आणि त्याच्या दृष्टीने ती अगदी खरी असते.

माझे आतोबा इथल्याच एका कापडगिरणीच्या मागखात्यात सत्तावीस वर्षे होते. ते मोठ्याने बोलत आणि आम्ही मुले तो त्यांचा स्वभाव समजत होतो. एकदा संध्याकाळी आत्याने ओट्याजवळून सांगितले, "अहो, सात वाजले." आतोबा घाबरून उठले, आत जाऊन त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि विचारले, "कुठे भाजला हात?" आम्ही मुले पोट धरधरून हसलो होतो, याची आज लाज वाटते. त्या दिवसानंतर त्यांनी काही नीट ऐकू आले नाही तर पुन्हा विचारणे सोडले. हळूहळू त्यांनी सत्यनारायणाला जाणे सोडले, भिशीला जाणे सोडले, आणि दर डिसेंबरात घोंगडी पांघरून तानसेन समारोहाला रात्रभर बसणारा तो माणूस घरात खिडकीशी एकटा बसू लागला. ऐकणे कमी झाले की माणसे कमी होतात आणि माणसे कमी झाली की बुद्धीला चालना कमी मिळते. टाळता येण्यासारख्या स्मृतिभ्रंशाच्या कारणांची जी यादी लॅन्सेट आयोगाने २०१७ पासून मांडली आहे, तिच्यात श्रवणदोषाला ठळक स्थान आहे, याचे मला आतोबांमुळे नवल वाटले नाही. गिरणीत त्यांना मागाचा आवाज पोटासाठी सोसावा लागला. आज तेवढाच किंवा त्याहून मोठा आवाज आपण आपल्या मुलांना सणासुदीला आणि मनोरंजनासाठी हौसेने देतो आहोत.

किती आवाज फार म्हणायचा, याचे गणित एकदा नीट समजून घेतले पाहिजे, कारण डेसिबलचे माप आपल्या रोजच्या मापांसारखे चालत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि दहा वाढले की दसपट. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली एकत्रितपणे जो निकष जाहीर केला, तो कानाला आठवड्याचा शिधा ठरवून देतो असे म्हणता येईल. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालेल. ९० डेसिबलवर तोच शिधा ४ तासांत संपतो, १०० वर २४ मिनिटांत, आणि ११० वर अडीच मिनिटेसुद्धा पुरत नाही. लहान मुलांसाठी निकष आणखी कडक आहे, ७५ डेसिबलपासून सुरू होणारा. माझ्या विद्यार्थिनीच्या वरातीत डीजेच्या गाडीमागचा आवाज ११० डेसिबल धरला, आणि अशा गाडीजवळ तो तेवढा असणे अजिबात दुर्मीळ नाही, तर त्या दीड तासात तिने सदतीस आठवड्यांचा शिधा संपवला. त्या लग्नसराईत तिच्या घरच्या आणखी तीन वराती होत्या.

इअरफोनचे गणित तेच आहे, फक्त ते सावकाश घडते आणि कोणाला दिसत नाही. शहरातल्या बाड्यावरून मोरार भागात टेंपोने किंवा ई-रिक्षाने जाणारा मुलगा कानात बोंडे घालतो तेव्हा बाहेरचा गोंगाट आधीच एवढा असतो, की गाणे ऐकू यावे म्हणून त्याला आवाज त्या गोंगाटाच्या वर न्यावा लागतो. पाच मिनिटांत कान त्या आवाजाला सरावतो, मग तो आणखी एक घर वर जातो. पुष्कळशा फोनमध्ये पूर्ण आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो, आणि तरी दुखत मात्र काही नाही, कारण कान दुखू लागतो तो १२० डेसिबलच्या आसपास. धोक्याची पातळी आणि दुखण्याची पातळी यांत एवढे मोठे अंतर असल्यामुळे आपल्या अंगची सावधगिरीची जाणीव इथे कामाला येत नाही. म्हणून आईने "अरे, आवाज कमी कर" म्हटले की मुलगा प्रामाणिकपणे सांगतो, "कमीच आहे." तो खोटे बोलत नसतो. केवळ उपदेशाने हा प्रश्न सुटणार नाही, असे मी म्हणते ते यासाठी.

उपाय साधे आहेत, पण ते उपकरणात बसवलेले हवेत. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा एकदाच ठरवून कुलूपबंद करता येते. ती पूर्ण आवाजाच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाहेरचा गोंगाट अडवणारे, कानात घट्ट बसणारे इअरफोन असतील तर मुळात आवाज वाढवण्याची गरजच कमी पडते, आणि ज्यांना ते परवडतात त्यांनी तेच घ्यावेत. युरोपात संगीत वाजवणाऱ्या खिशातल्या उपकरणांना ८५ डेसिबलची मर्यादा कारखान्यातच घालून देण्याचा दंडक आहे. ग्राहकाने जाणूनबुजून ती ओलांडली तर उपकरण त्याला इशारा देते. हाच दंडक आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला लागू व्हावा, ही मागणी करायला हरकत कोणती? आपण गाडीला पट्टा कारखान्यातच बसवून मागतो, चालकाने घरून आणावा असे म्हणत नाही.

या विषयावर बोलताना खरे-खोटे जपण्याची गरज आहे, हेही इथेच सांगते. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला एकाएकी ऐकू येईनासे झाल्याचे जाहीर केले, तेव्हा ‘इअरफोनमुळे बहिऱ्या झाल्या’ असा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या गटावर दिवसभर फिरत होता. त्यांनी स्वतः कारण दिले होते ते विषाणुसंसर्गाचे. मोठ्या आवाजाच्या संगीतापासून आणि हेडफोनपासून जपा, हा सल्ला त्यांनी तरुणांना त्याबरोबर वेगळा दिला होता. दोन गोष्टी एकत्र कालवून भीती पसरवली की ऐकणारा पुढच्या वेळी खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

आता कायद्याकडे येते, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. आपल्याकडे कायदा नाही असे नाही. मध्य प्रदेशात कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ पासून आहे. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर सविस्तर निकाल दिला. तो देणाऱ्या खंडपीठावरचे, त्या वेळचे सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी हे जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या गुना शहराचे. बोलण्याचा हक्क एकाला असेल तर ते न ऐकण्याचा हक्क दुसऱ्यालाही आहे आणि शांततेने जगणे हा कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे त्या खंडपीठाने सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये मोहन यादव मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांच्या अगदी पहिल्या आदेशांत ध्वनिवर्धकांच्या मर्यादेचा आदेश होता. हे सगळे स्वागतार्ह आहे आणि त्याची अंमलबजावणी अधिक सातत्याने झाली पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही.

परंतु या साऱ्या तरतुदी नीट वाचल्या तर त्या शेजाऱ्याच्या रक्षणासाठी लिहिलेल्या आहेत, हे लक्षात येते. ध्वनिवर्धकाचा आवाज मोजायचा तो सार्वजनिक जागेच्या हद्दीवर. तिथे तो त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाऊ नये. हद्दीबाहेर झोपलेल्या म्हाताऱ्याची आणि परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीची काळजी त्यात घेतलेली आहे. पण हद्दीच्या आत, थेट ध्वनिवर्धकाच्या पेटाऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर किती आवाज पडावा, याबद्दल ते नियम बोलत नाहीत. उद्या एखाद्या मॅरेज गार्डनने, म्हणजे लग्नासाठी भाड्याने मिळणाऱ्या जागेने, उंच भिंती बांधून, आवाज बाहेर जाऊ न देता, आत ११० डेसिबल वाजवले तर नियम पाळले गेले असेच म्हणावे लागेल, आणि आत नाचणाऱ्या सहा-सात वर्षांच्या पोराचे कान मात्र त्या रात्रीत जायचे ते जातील. कारखान्यातल्या कामगाराला आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा नियमाने दिली आहे. डीजेच्या गाडीवर रात्रीमागून रात्र उभा राहणारा मुलगा कारखान्यात नाही, म्हणून त्याला तीही नाही.

त्या मुलांकडे आपण कधी पाहतो का? मागच्या महिन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वरात अडकून पडली होती. गाडीमागे दोन्ही बाजूंनी दिव्यांचे झुंबर डोक्यावर घेतलेल्या बायका आणि मुले ओळीने उभी होती, सगळ्यांची झुंबरे एकाच तारेने जनरेटरला जोडलेली. त्यातला एक मुलगा, बारा-तेरा वर्षांचा असेल, पेटाऱ्यापासून चार हातांवर उभा होता. दोन्ही हातांनी झुंबर सावरायचे असल्यामुळे त्याला कानावर हात ठेवता येत नव्हते. तो मान वाकडी करून एक कान खांद्याला दाबत होता, आणि थोड्या वेळाने दुसरा. नाचणारे तासाभराने जेवायला निघून जातात. तो मुलगा त्या रात्री कदाचित दुसऱ्या वरातीला उभा राहिला असेल आणि साऱ्या हंगामात आणखी तीस-चाळीस वरातींना. त्याच्या हाती फोन आणि त्यातली साठ टक्क्यांची मर्यादा देऊन काय उपयोग? कानाचा प्रश्न वैयक्तिक सवयीचा आहे असे म्हणणाऱ्यांनी या मुलाची वैयक्तिक सवय कोणती, ते मला सांगावे.

आनंदाच्या प्रसंगी आवाज हवाच, हा आक्षेप मला मान्य आहे. लग्न सुतकासारखे व्हावे असे कोण म्हणेल? पण १०० आणि ११० डेसिबलमध्ये आनंदाचा फरक काय पडतो, हे कोणी दाखवून देत नाही, कानावरचा भार मात्र दसपट होतो. दुसरा आक्षेप असा, की शास्त्रीय संगीतवाल्यांना नव्या पोरांचे संगीत आवडत नाही, म्हणून ही ओरड. याला मी मोकळेपणाने उत्तर देते. केशपेशींना राग कळत नाही आणि रॅपही कळत नाही. कानात बोंडे घालून पूर्ण आवाजात अभंग ऐकणाऱ्या आजोबांचेही तितकेच नुकसान होते. आणि आम्ही शास्त्रीयवालेही दोषमुक्त नाही. ज्या गावात हद्दू-हस्सू खाँ, शंकरराव पंडित, कृष्णराव शंकर पंडित यांनी खुल्या आवाजाची गायकी घडवली, ती दिवाणखान्यात आणि मंदिराच्या सभामंडपात, श्रोत्यांपासून हाताच्या अंतरावर बसून, ध्वनिवर्धकाशिवाय उभी राहिली होती. आज दोनशे माणसांच्या सभागृहातसुद्धा तबल्याला वेगळा माइक, तंबोऱ्याला वेगळा माइक, गवयाच्या कानाशी मॉनिटर, आणि शेवटच्या रांगेतल्याने तक्रार केली की सगळेच वाढवायचे, अशी रीत पडली आहे. गणेशोत्सवात पत्र्याच्या मांडवाखाली आमची भजनी मंडळी टाळ आणि ध्वनिवर्धक एकदम सोडतात तेव्हा पुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसलेली लहान मुले कानांवर हात ठेवतात, आणि त्यांच्या आया ते हात खाली ओढतात. मुलांचेच बरोबर असते.

तिसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. डीजेच्या धंद्यावर किती तरी घरे चालतात. पण मर्यादा घातली म्हणून धंदा बसत नाही, असे बाहेरचा अनुभव सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये कार्यक्रमाचा आवाज तासाच्या सरासरीने ९३ डेसिबलच्या वर जाणार असेल तर आयोजकाला तसे आधी कळवावे लागते, श्रोत्यांना इअरप्लग फुकट द्यावे लागतात, आणि सरासरी १०० च्या वर नेता येत नाही; तिथले संगीतमहोत्सव काही बंद पडले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमस्थळांसाठी जो निकष मांडला, त्यातही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत ठेवणे, आवाज सतत मोजत राहणे, इअरप्लग उपलब्ध करणे आणि कानाला विसावा मिळेल अशी शांत जागा राखणे, याच गोष्टी आहेत. यातली एकही गोष्ट ग्वाल्हेरच्या आवाक्याबाहेरची नाही.

मॅरेज गार्डनला परवानगी देताना महापालिकेने अर्जात हद्दीवरच्या मोजणीबरोबर आतल्या मोजणीचीही अट घालावी आणि आवाजाचा आकडा नाचणाऱ्यांना दिसेल अशा ठिकाणी पाटीवर उमटता ठेवावा. आपण किती ऐकतो आहोत हे डोळ्यांना दिसले, की पुष्कळ माणसे आपणहून दोन पावले मागे सरतात. पेटाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट केले तर मोकळ्या जागेत आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे शिधा चौपट टिकतो. पेटारे जमिनीवर कानाच्या उंचीला न ठेवता वर टांगावेत, त्यांच्यासमोर दोरी बांधून मुलांना आत येऊ देऊ नये, आणि दिवे वाहणाऱ्यांना, बँडवाल्यांना, डीजेच्या पोरांना कानाचे संरक्षण देणे ही मालकाची जबाबदारी असावी. १९०५ पासून भरणाऱ्या आपल्या व्यापार मेळ्यात दर हिवाळ्यात लाखो माणसे येतात. तिथे मौत का कुआँ आणि पाळण्यांच्या बाजूचा आवाज मोजून पाहिला तरी प्रशासनाला कुठून सुरुवात करायची ते कळेल. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून अस्तित्वात आहे, तेव्हा शाळांत डोळे तपासतात तसे कान तपासण्याची सोय नव्याने शोधून काढावी लागणार नाही, फक्त ती मागावी लागेल. राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठाने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचा श्रवण-आलेख काढून ठेवला आणि दर वर्षी त्याच्याशी ताडून पाहिला, तर युनेस्कोने दिलेल्या नावाला शोभेल असे ते काम होईल.

महापालिका हलेल तेव्हा हलेल, पण आपल्या मराठी मंडळांना कोणाच्या परवानगीची वाट पाहायचे कारण नाही. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा आधी कुरकुर झाली, मग एका तरुण कार्यकर्त्याने फोनवरच्या मापकाने गेल्या वर्षीच्याच पेटाऱ्यांसमोर आवाज मोजून दाखवला. असल्या मापकाचा आकडा काटेकोर नसतो, पण अंदाज यायला पुरतो. मिरवणुकीत डीजे न लावता लेझीम आणि एकच ढोल-ताशा पथक घ्यायचे, पथकातल्या प्रत्येकाने इअरप्लग घालायचे, आणि आरतीच्या वेळी ध्वनिवर्धक बंद ठेवायचा, एवढे तरी त्या बैठकीत ठरले.

इअरप्लग घालण्याचीही एक रीत आहे आणि ती कोणी शिकवत नाही. कापसाचा बोळा घालून जवळपास काहीच साधत नाही. फोमचा इअरप्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग तो आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बाहेरून जेमतेम दिसेल इतका तो आत गेला पाहिजे. माझी ती विद्यार्थिनी आता हे मला शिकवते. देवउठनी एकादशीनंतर तिच्या सख्ख्या भावाचे लग्न आहे, आणि वरातीसाठी तिने पर्समध्ये स्वतःसाठी एक जोडी आणि दिवे धरणाऱ्या मुलांसाठी वीस जोड्या आणून ठेवल्या आहेत. त्या मुलांचे हात झुंबरात अडकलेले असतील, तेव्हा गाडी सुरू होण्याआधीच प्रत्येकाच्या कानात आपण स्वतः त्या बसवून द्यायच्या, असे तिने ठरवले आहे.